सहा फळ्या, सत्तावीस घरं

पुढच्या खोलीत चोपन्न फळ्या, मागच्या खोलीत सहा. चोपन्न फळ्यांवर सत्तावीस घरांच्या मिळून सातशे तेरा बाटल्या. त्यांतल्या दोन रिकाम्या होत्या आणि एकीत पाणी होतं. ते मामीने कुंड्यांसाठी भरून ठेवलेलं. भाचीने दोनदा मोजलं. दोन्ही वेळा सातशे तेराच आले, तेव्हा कुठे तिने वहीत आकडा लिहिला.

“मोजपट्टी, मला विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं,” मामा काउंटरमागून म्हणाला. भाचीला तो मोजपट्टीच म्हणे.

“किती?”

“सातशेच्या आसपास.”

“म्हणूनच नाही विचारलं.”

‘घर’ हा मामाचा शब्द. वाइन करणाऱ्याला तो उत्पादक वगैरे म्हणत नसे. ‘टेकडीवरचं घर’, ‘दोन भावांचं घर’, ‘नदीपलीकडचं मोठं घर’ अशी त्याची बोली होती. एका घराला दोन फळ्या, कमी नाही, जास्त नाही, हा त्याचा एकोणीस वर्षांचा नियम. मोठ्या घरालाही दोन आणि ज्या घरात म्हातारा-म्हातारी आणि एक कुत्रं एवढीच माणसं, त्यालाही दोनच.

आता पुढची खोली जाणार होती. इमारतीच्या मालकाने ती वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना दिली होती; त्यांचे गुडघेदुखीचे रुग्ण जिना चढेनात. शुक्रवारी तिथे खुर्ची बसणार होती, ती मागे कलणारी. मामाकडे राहत होती मागची खोली, म्हणजे सहा फळ्या, म्हणजे तीन घरं. उरलेल्या चोवीस घरांना गुरुवारी पत्रं टाकायची होती.

हे गणित मामालाही येत होतं. अडत पुढे होतं. तीन आठवडे तो रोज संध्याकाळी तीन नावं लिहीत होता आणि रोज सकाळी त्या कागदावर पाच व्हायची. एकाने मामाचा पाय मोडला तेव्हा दवाखान्यात भेटायला आला होता. दुसऱ्याची वाइन बेताची, पण पेटी भरतो ती अशी की एकोणीस वर्षांत एक बाटली फुटली नाही. तिसऱ्याबद्दल काही चांगलं सांगता येत नव्हतं, म्हणूनच त्याला काढायचा धीर होत नव्हता. एका सकाळी यादीत अकरा नावं झाली तेव्हा मामीने सरळ भाचीला फोन लावला. “तुझी परीक्षा संपलीय ना? मग ये. यांचं डोकं चालेनासं झालंय.”

भाची नुकतीच रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली होती. कुठलीही गोष्ट मोजता आली की तिला जरा बरं वाटे. या कामाला मात्र ती मनातून घाबरली होती, कारण सत्तावीस घरांतलं एक घर तिच्या आईचं होतं.

मामाची थोरली बहीण, म्हणजे भाचीची आई, उतारावरच्या लहानशा मळ्यात एकटीच्या हिमतीवर वाइन करायची. तिची वाइन जगात याच एका दुकानात मिळायची. निघताना आईने भाचीला डबा दिला, पाण्याची बाटली दिली आणि मग सहज सांगावं तसं सांगितलं, “मोठं घर माझी सगळी द्राक्षं उचलायला तयार आहे. गुरुवारी उत्तर द्यायचंय. तुम्ही निवडलेल्या तिघांत मी नसले तर हो म्हणून टाकते. पिंपं धुऊन विकायची आणि मोकळं व्हायचं.”

“आई!”

“आई काय? आणि हे भावाला सांगायचं नाही. तो लगेच फळी देईल. मला त्याची फळी नकोय, मला खरं काय ते हवंय. तू मोजतेस ना सगळं? मग हेही मोज.”

*

भाचीने मोजायचं ठरवलं. रविवारी दुकान बंद होतं. प्रत्येक घराची रोजच्या जेवणाची साधी लाल वाइन, एकेक बाटली, असं ठरलं. बाटल्यांना खाकी कागद गुंडाळायचं आणि वर नंबर घालायचं काम मामीकडे दिलं, म्हणजे बाकी कोणाला काही कळायला नको. कुठला नंबर कोणाचा ती यादी मामीने शिवणाच्या डब्यात, बटणांखाली ठेवली. एक बाटली भाचीने मुद्दाम दुबार घालायला सांगितली, चाखणाऱ्यांची परीक्षा म्हणून. अशा झाल्या अठ्ठावीस. सगळ्यांचं तापमान सारखं, पेले सारखे, मोजपात्राने तीस-तीस मिलिलिटर ओतलेली. चाखून थुंकायला बादली. मार्क वीसपैकी.

चाखणारे चार: मामा, मामी, भाची आणि दातांचे डॉक्टर. डॉक्टर या दुकानाचे जुने गिऱ्हाईक, आणि पुढची खोली घेतल्यापासून त्यांना मामाकडे बघताना अपराधी वाटायचं, म्हणून कशालाही हो म्हणत होते.

“थुंकणं मात्र मला जमेल,” ते म्हणाले. “आयुष्यभर लोकांना तेच सांगतोय.”

दुपारी तीनपर्यंत चाललं. सातव्या बाटलीनंतर मामी सगळ्यांना बाराच मार्क देऊ लागली. कारण विचारलं तर म्हणाली, “कोणाला वाईट कशाला वाटायला हवं?” डॉक्टरांनी दुबार बाटलीला एकदा सोळा आणि एकदा नऊ दिले. हे कळल्यावर ते बराच वेळ बादलीकडे बघत बसले.

संध्याकाळी मामीने बटणांखालची यादी काढली. पहिलं आलं नदीपलीकडचं मोठं घर. भाची बोट ठेवून एकेक ओळ खाली उतरत गेली. बाविसावा नंबर आईचा होता. अठ्ठाविसांत तो सत्ताविसावा आला होता.

तिने स्वतःचा कागद पाहिला. बाविसाव्या बाटलीला तिनेच सहा मार्क दिले होते आणि पुढे लिहिलं होतं, ‘दारं-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीसारखी.’ ज्या वाइनच्या वासात ती लहानाची मोठी झाली, ती तिला ओळखूसुद्धा आली नव्हती. हे आईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

*

सोमवारी सकाळी मामाने त्याची वही तिच्यापुढे ठेवली. दुकानात आलेल्या प्रत्येक वाइनला त्याने आजवर दिलेले मार्क त्यात होते. भाचीने सत्तावीस घरांची सरासरी काढली, आलेखाच्या कागदावर आडवे वहीतले मार्क घेतले, उभे रविवारचे. मग ठिपके मांडले.

ठिपके विस्कटलेले असते तर तिने समजून घेतलं असतं. पण ते खाली उतरत होते. मामाच्या वहीत जे घर वर, ते रविवारी खाली. मोठ्या घराला वहीत सात. आईला सोळा. सोळाच्या वर अख्ख्या वहीत एकच घर होतं, दोन भावांचं, आणि तेही रविवारी बाविसावं आलं होतं.

“मामा, एक विचारू? रागावू नकोस.”

“म्हणजे रागावण्यासारखंच आहे.”

“तू आईला मार्क वाढवून देत आलायस का?”

मामाने चष्मा काढला. “तुझ्या आईला? लहानपणी बिस्किटाचा अर्धा तुकडासुद्धा मी तिला कधी जास्त दिला नाही. विचार तिला.”

“मग काल सात का दिलेस?”

“कोणाला?”

“बाविसाव्या बाटलीला. ती आईची होती.”

मामाने कागद हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला. सात त्याच्याच अक्षरात होते. “हे माझंच आहे,” तो हळूच म्हणाला. मग वहीतला सोळाचा आकडा बघितला. “आणि हेही माझंच.” वही मिटून तो म्हणाला, “मोजपट्टी, म्हणजे एकोणीस वर्षं मी मनात येईल ते लिहीत होतो की काय?”

वही खोटी मानावी तर एकाच माणसाने सारख्या चुका एकोणीस वर्षं कशा केल्या? रविवार खोटा मानावा तर त्यात चूक कुठे झाली? पेले, तापमान, माप, क्रम, सगळं तिने पुन्हा तपासलं. डॉक्टरांना वगळून बेरीज केली, मामीला वगळून केली, शेवटी स्वतःला वगळून केली. ठिपके उतरतच राहिले.

दुपारी आईचा फोन आला. “झालं का मोजून?”

“चाललंय अजून.”

“तुझा आवाज असा का येतोय? सांग ना, शेवटून कितवी?”

“आई, आकडे जुळत नाहीयेत.”

“आकडे जुळत नाहीत की तुला आवडत नाहीत?” आणि उत्तराची वाट न बघताच आई म्हणाली, “असू दे. गुरुवारी सकाळी नऊला फोन करते. तेव्हा मात्र आढेवेढे नकोत.”

*

मंगळवारी सकाळी भाची पुन्हा वही घेऊन बसली. आता ती मार्कांऐवजी तारखा बघत होती, कारण मार्क बघून बघून डोळे दुखायला लागले होते. एक तारीख, दुसरी, दहावी. तिने कॅलेंडर मागवलं. वहीतली प्रत्येक तारीख मंगळवारची होती.

“मामी, माल कुठल्या वारी येतो?”

“सोमवारी.” दुकानाला लागूनच असलेल्या स्वयंपाकघरात मामी भाज्या चिरत होती.

“आणि नव्या मालाची बाटली मामा कधी उघडतो?”

“सोमवारीच. संध्याकाळी जेवताना आम्ही दोघं थोडी थोडी घेतो.”

“मग मार्क मंगळवारचे कसे?”

“कारण जेवायच्या टेबलावर मी वही आणू देत नाही,” मामी म्हणाली. “लग्न झालं तेव्हा ताटाशेजारी वही, कानावर पेन्सिल. मी सांगितलं, एक तर ती जेवेल नाही तर मी. तेव्हापासून उरलेली बाटली सकाळी दुकानात नेतात आणि तिथे काय ते मार्क देतात.”

भाची उठली ती थेट दुकानात गेली. मामाला तिने तीन वेळा तेच विचारलं आणि तिन्ही वेळा मामाने तेच सांगितलं. मामीला टेबलावर वही चालत नव्हती, एवढ्या एका कारणाने एकोणीस वर्षांत मामाने एकाही बाटलीला ती उघडलेल्या दिवशी मार्क दिले नव्हते. ही गोष्ट त्याच्या कधी लक्षातही आली नव्हती. त्याच्या लेखी वाइनची चव म्हणजे आदल्या दिवशी उघडलेल्या वाइनची चव.

भाची एका खोक्यावर बसली. तापमान, पेले, माप, सगळं सारखं ठेवलं आणि बाटलीला किती वेळ हवा लागली हे मोजायचं मात्र तिला सुचलं नव्हतं. काही वाइन हवा लागल्यावरच खुलते, काही हवेने बसते. मग आणखी एक आठवलं. घरी जेवताना बाटली कधी नसेच. आई आदल्या संध्याकाळी पिंपातून काचेच्या सुरईत काढून ठेवायची. आईची वाइन उघडल्या उघडल्या कशी लागते, हे भाचीने रविवारपर्यंत कधी चाखलंच नव्हतं.

“म्हणजे मी बरोबर?” मामाने आशेने विचारलं.

“तू मंगळवारी बरोबर आहेस.”

“आणि रविवार?”

“रविवारही बरोबर आहे. ज्या दिवशी उघडली त्या दिवशीपुरता.”

“मग निवडायचं कोणतं बरोबर?”

भाचीने गिऱ्हाईकाच्या बाजूने विचार केला. गिऱ्हाईक बाटली नेतं ते त्याच संध्याकाळी प्यायला. तिने तसं म्हणून दाखवलं.

“आमचं नाही पीत,” मामा म्हणाला. “आमची गिऱ्हाईकं एकेकटी. शिंपीणबाई, टपालवाले, आपले डॉक्टर. अर्धी आज, अर्धी उद्या.”

“म्हणजे थोडी रविवार, थोडी मंगळवार. असल्या प्रश्नाला मार्क कसे द्यायचे?”

मामी दारात येऊन उभी होती. “मार्कांचं काय घेऊन बसलीस? स्वयंपाक कसा झाला ते मी कधी विचारते का कोणाला? विचारलं की सगळे छानच म्हणतात. मी पातेल्यात किती उरलं ते बघते.”

भाचीने मामीकडे असं पाहिलं की मामीला वाटलं पदराला काही लागलंय.

*

रविवारची पहिली तीन घरं आणि वहीतली पहिली तीन, अशा सहा ताज्या बाटल्या निघाल्या. मामीने पुन्हा खाकी कागद गुंडाळले, एक ते सहा नंबर घातले आणि यादी बटणांखाली गेली. मंगळवार आणि बुधवार, दोन्ही संध्याकाळी पुढच्या खोलीत जेवण ठरलं. रिकामी खोकी रचून टेबल झालं. शिंपीणबाई आली, टपालवाले आले, आणखी चार जुनी माणसं आली, आणि डॉक्टर आले ते खोलीत शिरताच म्हणाले, “शुक्रवारपासून इथे माणसं तोंड उघडतील ती ओरडायला. तोवर खाऊन घ्या.”

कोणालाही काही विचारायचं नव्हतं. ज्याला जी हवी ती घ्यावी; गुरुवारी सकाळी ज्या तीन बाटल्यांत कमीत कमी उरेल, ती तीन घरं राहणार. भाचीने मामीच्या पिठाच्या काट्यावर बाटल्या आधी तोलल्या आणि जेवणानंतर पुन्हा तोलल्या. वजनातल्या फरकावरून तिने शिल्लक काढली.

मंगळवारी सगळ्यांत भराभर उतरली तीन नंबरची. तिच्यात तीनशे पन्नास मिलिलिटर उरली. चार नंबरची जवळजवळ तशीच होती: सहाशे पंचावन्न. टपालवाल्यांनी तिचा एक घोट घेतला होता आणि पेला हळूच मिठाच्या भांड्यामागे सरकवला होता. चार नंबरमध्ये कोण आहे हे भाचीला माहीत नव्हतं, पण पेल्याला नाक लावल्यावर ती दारं-खिडक्या लावलेली खोली तिला पुन्हा भेटली. तिने सगळ्या बाटल्यांना बुचं लावली, ओळीत ठेवल्या आणि वहीवर हात ठेवून बसून राहिली.

“मामा, आईने तुला एक सांगू नको म्हटलंय.”

“मग सांगू नकोस.” मामा खोकी सरळ करत होता. “मोठ्या घराचा माणूस गेल्या आठवड्यात इथेच आला होता. ताईची पिंपं किती जुनी आहेत, विचारत होता. मी काय बुद्दू आहे? पण मला माहीत आहे हे तिला सांगू नकोस. नाहीतर म्हणेल, भावाने लाड केले.”

“आणि ती तिघांत नाही आली तर?”

मामाने शेवटचं खोकं भिंतीला लावलं. “तर तू तिला आकडा सांग,” तो म्हणाला. “माझ्याच्याने नाही व्हायचं.”

बुधवारी तीच माणसं, तेच बटाटे, त्याच बाटल्या. या वेळी भाची काही बघायचं नाही असं ठरवून स्वयंपाकघरातच थांबली. बाहेरून शिंपीणबाईचं हसणं ऐकू येत होतं. मध्येच डॉक्टरांचा आवाज चढला, “अहो, सगळी तुम्हीच ओतून घेताय!” कोणती बाटली ते तिला कळलं नाही. विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी ती मोजपात्र घेऊन मागच्या खोलीत बसली. मामा सहा रिकाम्या फळ्या पुसत होता. त्या कालच पुसून झाल्या होत्या.

एक नंबर: दोनशे बारा मिलिलिटर. दोन नंबर: शून्य. तीन नंबर उचलतानाच जड लागली: तीनशे चाळीस, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला कोणी हातही लावला नव्हता म्हणायचं. चार नंबर तिने बाजूला ठेवली. पाच: शहाण्णव. सहा: एकशे अठ्ठेचाळीस.

नऊ वाजता फोन वाजला. मामीने उचलला. “हो ताई, इथेच आहे. मोजतेय. नाही हो, मला काय कळतंय त्यातलं. धरा जरा.” फोन तसाच उघडा ठेवून मामीने शिवणाचा डबा काढला, बटणं बाजूला सारली आणि यादी डोळ्यांपासून लांब धरून वाचली.

“एक, टेकडीवरचं. दोन, दोन भाऊ. तीन, मोठं घर. चार, आपली ताई. पाच, म्हातारा-म्हातारी आणि कुत्रं. सहा, सावत्र बहिणी.”

मामाचं फडकं फळीवर थांबलं. फोनमधून आईचा आवाज आला, “अगं, कोणी बोलेल का?”

भाचीने चार नंबरवरचा कागद सोडला, बूच काढलं आणि बाटली मोजपात्रावर उलटी धरली. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली. मग मोजपात्र टेबलावर सपाट ठेवलं, वाकून डोळा रेषेच्या पातळीला आणला आणि फोनमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात आकडा वाचला.

“अकरा मिलिलिटर. त्यातला गाळ सहा.”